युद्धकाळातील शासन आणि नागरिक
(हीरक महोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



शाळेच्या प्रवेशअर्जाला जोडावयाच्या कागदपत्रांत अनेक वर्षे एक कागद हमखास असे. तो म्हणजे शिधापत्रिकेची नक्कल. रेल्वेत, टपाल खात्यात, बँकेत किंवा लष्करी आस्थापनेत नोकरी करणारे मराठी कुटुंब बदली होऊन परप्रांतात आले, की जुन्या गावच्या रेशन कार्यालयातून ‘नाव कमी केल्याचा दाखला’ आणायचा, तो नव्या गावी दाखवायचा आणि नवे कार्ड हाती पडेपर्यंत खेटे घालायचे, हा क्रम त्या पिढीतील प्रत्येक गृहिणीच्या परिचयाचा आहे. धान्य, साखर आणि रॉकेल मिळावे म्हणून निघालेला हा कागद पाहता पाहता राहत्या जागेचा, कुटुंबातील माणसांचा, किंबहुना नागरिक असण्याचाच पुरावा होऊन बसला. लोखंडी कपाटात दागिन्यांच्या शेजारी त्याला जागा मिळाली. पण हा कागद आला कोठून, असा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. तो युद्धातून आला. दुसरे महायुद्ध ऐन भरात असताना, मे १९४३ मध्ये, मुंबई शहरात धान्याचे रेशनिंग सुरू झाले, त्याचे हे अपत्य आहे.

युद्ध म्हटले की रणांगण, तोफा, विजय-पराजय आणि तहाच्या तारखा डोळ्यांपुढे येतात. शालेय इतिहासही बहुधा तेवढ्यावर थांबतो. परंतु युद्धाचा एक परिणाम रणांगणापासून शेकडो कोस दूर, कचेरीत, न्यायालयात, किराणा दुकानात आणि भाडेकरूच्या खोलीत घडत असतो. संकट थोपविण्यासाठी शासन जादा अधिकार मागते. नागरिक ते देतात, पुष्कळदा आनंदाने देतात. संकट सरते. दिलेले अधिकार मात्र आपणहून परत येत नाहीत. त्यांतील काही पुढे नागरिकांच्या हक्काचे रूप घेतात, काही त्यांच्याच गळ्याशी येतात. कोणत्या अधिकाराचे काय व्हावे हे युद्ध ठरवीत नाही. नंतर त्या अधिकारांना कोणी प्रश्न विचारले, यावर ते ठरते. गेल्या शंभर वर्षांतील भारताचा अनुभव या दृष्टीने तपासून पाहण्यासारखा आहे.

आरंभ पहिल्या महायुद्धापासून करावा लागतो. मार्च १९१५ मध्ये भारत संरक्षण कायदा संमत झाला. क्रांतिकारकांवरील खटले तीन आयुक्तांच्या विशेष न्यायमंडळापुढे चालवावेत, त्यांच्या निर्णयावर अपील नसावे, संशयितास खटल्याविना स्थानबद्ध करता यावे, अशा तरतुदी त्यात होत्या. कायद्याची मुदत मात्र स्पष्ट होती: युद्ध चालेपर्यंत आणि त्यानंतर सहा महिने. युद्ध संपत आले तेव्हा सरकारला हे अधिकार सोडवेनात. न्यायमूर्ती रौलट यांच्या समितीने ते शांततेच्या काळातही ठेवावेत अशी शिफारस केली आणि मार्च १९१९ मध्ये, विधिमंडळातील बिनसरकारी हिंदी सभासदांचा विरोध डावलून, तसा कायदा झाला. ‘ना वकील, ना दलील, ना अपील’ या सहा शब्दांत जनतेने त्याचा सारांश काढला. ६ एप्रिलला देशव्यापी हरताळ झाला आणि १३ एप्रिलला जालियनवाला बाग घडली. रौलट कायदा १९२२ मध्ये रद्द झाला. याच युद्धाने मागे ठेवलेली दुसरी एक वस्तू मात्र कोणाच्या डोळ्यांत खुपली नाही. परदेशप्रवासासाठी पासपोर्ट सक्तीचा झाला तो युद्धकाळात, भारत संरक्षण कायद्याच्या आधाराने. १९२० मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा आला आणि ती सक्ती कायमची झाली. आज पासपोर्टकडे कोणी युद्धकालीन निर्बंध म्हणून पाहत नाही. सवय ही अशी गोष्ट आहे.

दुसऱ्या महायुद्धाची गोष्ट अधिक विस्ताराने सांगावी लागेल, कारण स्वतंत्र भारताच्या शासनयंत्रणेचा मोठा भाग त्या सहा वर्षांत घडला. ३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी भारत युद्धात उतरल्याचे जाहीर केले. कोट्यवधी लोकांच्या देशाला युद्धात लोटताना एकाही लोकप्रतिनिधीचे मत विचारले गेले नाही. निषेध म्हणून प्रांतोप्रांतीच्या काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ नोव्हेंबरच्या प्रारंभी पायउतार झाले. नवा भारत संरक्षण कायदा आला आणि त्याखालील नियमांचे जाळे विणले गेले. युद्धाविरुद्ध नुसते भाषण करणे हाही गुन्हा ठरला. १७ ऑक्टोबर १९४० रोजी विनोबा भावे यांनी पवनार येथे असे भाषण करून वैयक्तिक सत्याग्रहाचा आरंभ केला, तो बोलण्याच्या या हक्कासाठीच. पुढे ऑगस्ट १९४२ मध्ये ‘छोडो भारत’चा ठराव होताच गांधीजी पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये आणि नेहरू, आझाद, पटेल आदी नेते अहमदनगरच्या किल्ल्यात बंद झाले. यांपैकी कोणावरही खटला भरला गेला नाही.

याच काळातील एक न्यायालयीन प्रसंग विशेष ध्यानात ठेवण्यासारखा आहे. केशव तळपदे नावाचे मुंबईचे एक स्थानबद्ध होते. त्यांचे प्रकरण फेडरल न्यायालयात गेले. एप्रिल १९४३ मध्ये सरन्यायाधीश सर मॉरिस ग्वायर यांच्या न्यायालयाने निर्णय दिला की, ज्या नियम २६ खाली हजारो लोक डांबले आहेत तो नियम मूळ कायद्याने दिलेल्या अधिकारांच्या बाहेरचा असून अवैध आहे. इंग्रज राज्याच्या सर्वोच्च हिंदी न्यायालयाने, ऐन युद्धात, एका सामान्य कैद्याच्या बाजूने दिलेला हा निकाल होता. पण सरकारने काय केले? कैदी सोडले नाहीत. काही दिवसांतच वटहुकूम काढून कायदाच पूर्वलक्षी प्रभावाने बदलला आणि अवैध नियम मुळापासून वैध होता असे ठरवून टाकले. न्यायालयात हरलेला डाव लेखणीच्या एका फटकाऱ्याने जिंकण्याची ही युक्ती पुढील राज्यकर्त्यांनी विसरली, असे म्हणता येत नाही. इंग्लंडातही त्या दिवसांत स्थिती फार वेगळी नव्हती. गृहमंत्र्याने एखाद्याला संशयित मानले की न्यायालयाने कारण विचारू नये, असे तेथील उमराव सभेच्या न्यायाधीशांनी १९४१ मध्ये बहुमताने ठरविले. लॉर्ड ॲटकिन यांनी एकट्याने विरोधी मत नोंदविले. तेथील पुढच्या पिढीतील न्यायाधीशांनी मान्यता दिली ती ॲटकिन यांच्या मताला.

स्थानबद्धता ही युद्धसत्तेची उघड दिसणारी बाजू. तिची दुसरी बाजू संथपणे घरात शिरली. युद्धाच्या पहिल्याच दिवशी परकीय चलनावर नियंत्रण आले. १९४० मध्ये आयातीवर परवाने आले. १९४३ मध्ये कंपन्यांनी भांडवल उभारण्यावर सरकारी मंजुरीचे बंधन आले आणि तंबाखूवर केंद्रीय अबकारी कर बसला. घरभाडी गोठली, कापड, धान्य, रॉकेल सारे काही नियंत्रणाखाली गेले. घड्याळाचीही सुटका झाली नाही. १९४२ पासून युद्ध संपेपर्यंत ते एक तास पुढे ठेवले जात होते. युद्धखात्यातील लाचलुचपत इतकी वाढली, की तिच्या तपासासाठी १९४१ मध्ये खास पोलीस दल स्थापावे लागले. आजच्या केंद्रीय अन्वेषण विभागाचे, म्हणजे सीबीआयचे, मूळ तेथे आहे. जेथे परवाना येतो तेथे परवान्याचा भावही येतो, हे त्या काळच्या सरकारलाही लवकरच उमगले होते.

शांतता आली तेव्हा घड्याळ मागे आले. बाकीचे फारसे काही मागे आले नाही. १९४६ साली अत्यावश्यक पुरवठ्याचा कायदा झाला, त्याच्या नावातच ‘तात्पुरते अधिकार’ असे शब्द होते. गांधीजी नियंत्रणांच्या विरुद्ध होते. त्यांच्या आग्रहाने १९४७च्या अखेरीस धान्यावरील नियंत्रण उठविले गेले, भाव भडकले आणि वर्ष उलटण्याच्या आत ते पुन्हा लादावे लागले. ‘तात्पुरते’ अधिकार १९५५ च्या जीवनावश्यक वस्तू कायद्यात कायम झाले. मार्च २०२० मध्ये मुखपट्ट्या आणि सॅनिटायझर यांच्या साठेबाजीला आळा घालण्यासाठी शासनाने हाती घेतला तो हाच कायदा. आयातीच्या परवान्यांची आणि भांडवलाच्या मंजुरीची व्यवस्था १९९२ पर्यंत टिकली. १९४४ च्या मुंबईतील गिरणीला जे अर्ज भरावे लागत, तशाच अर्जांच्या पुढे त्या कारखानदाराचा नातूही बसलेला असे.

घरभाड्याची कथा तर ऐकण्यासारखी आहे. मुंबई प्रांताच्या १९४७च्या भाडे नियंत्रण कायद्याने प्रमाणभूत भाडे म्हणून जे धरले, ते १ सप्टेंबर १९४० रोजी असलेले भाडे. ही तारीख युद्धातील आहे. कायद्याला मुदत होती, ती संपत आली की वाढविली जाई, असे पन्नास वर्षे चालले. गिरगाव-परळच्या चाळींतील हजारो कुटुंबांना या कायद्याने निवारा दिला, मुंबईत मराठी माणूस टिकला तो काही अंशी त्यामुळेच, हे नाकारता येणार नाही. त्याच कायद्याने चाळीच्या मालकाला दुरुस्तीची इच्छाही ठेवली नाही आणि जिन्याच्या पायऱ्या झिजत राहिल्या, हेही तितकेच खरे. १९९७ च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, भाडे असे गोठवून ठेवणे आता अवाजवी ठरले आहे. १९९९ चा नवा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला, तेव्हा कोठे हिटलरच्या काळातील ती तारीख मुंबईच्या भाडेपावतीवरून हलली.

एवढी सत्ता हाती असलेले शासन लोकांना निदान जगवू तरी शकले का? याचे उत्तर बंगालमध्ये आहे आणि ते भयंकर आहे. जपानी सैन्य ब्रह्मदेशापर्यंत आल्यावर, १९४२ मध्ये, किनाऱ्यावरील जिल्ह्यांतून जादा तांदूळ हलविण्याचा आणि दहाहून अधिक माणसे नेऊ शकणाऱ्या नौका ताब्यात घेण्याचा किंवा नष्ट करण्याचा हुकूम झाला. शत्रूच्या हाती काही लागू नये हा हेतू. ज्या प्रदेशात नदी हाच रस्ता आहे तेथे कोळ्याची, कुंभाराची, धान्यव्यापाऱ्याची नाव गेली म्हणजे काय गेले, याचा विचार हुकूम काढणाऱ्यांनी केला नाही. कलकत्त्यातील युद्धोपयोगी कारखान्यांच्या कामगारांना धान्य पुरविण्याची काळजी घेतली गेली. खेड्यातील भूमिहीन मजूर मात्र शासनाच्या हिशेबात कोठेच नव्हता. चौकशी आयोगाने मृतांचा अंदाज पंधरा लाख केला. नंतरच्या अभ्यासकांचा अंदाज तीस लाखांच्या आसपास जातो. कलकत्त्याच्या ‘स्टेट्समन’ने ऑगस्ट १९४३ मध्ये रस्त्यावरील भुकेकंगालांची छायाचित्रे छापली, तेव्हा कोठे जगाला या दुष्काळाचे स्वरूप दिसले. नौका जप्त करण्याची सत्ता शासनाकडे होती, ती विचारपूर्वक वापरावयास लावील असे कोणी त्याच्यासमोर नव्हते. लोकप्रतिनिधी तुरुंगात होते, वृत्तपत्रांवर सेन्सॉर होता.

स्वातंत्र्यानंतर शासन आपले झाले. म्हणून हा प्रश्न सुटला का? १९६२ चे उदाहरण घेऊ. २० ऑक्टोबर १९६२ रोजी चीनचे आक्रमण झाले आणि २६ ऑक्टोबरला राष्ट्रपती राधाकृष्णन यांनी आणीबाणी घोषित केली. देशभर जो प्रतिसाद उमटला तो आजही अंगावर रोमांच उभे करतो. स्त्रियांनी बांगड्या आणि मंगळसूत्रे संरक्षण निधीत दिली, शाळकरी मुलांनी खाऊचे पैसे दिले, घरोघरी जवानांसाठी स्वेटर विणले गेले. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्रिपद सोडून संरक्षणमंत्री झाले आणि हिमालयाच्या हाकेला सह्याद्री धावला, असे मराठी माणसाने अभिमानाने म्हटले. पंडित नेहरूंच्या बाजूने एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. युद्ध चालू असताना त्यांनी संसदेचे अधिवेशन ८ नोव्हेंबरला अलीकडे आणून भरविले, खुली चर्चा होऊ दिली, स्वतःवरील कठोर टीका ऐकून घेतली. लोकशाही देश युद्धातही आपल्या सरकारला जाब विचारू शकतो, हे तेव्हा दिसले.

पण या चित्राची मागची बाजूही आहे. लढाई एक महिना चालली. २१ नोव्हेंबरला चीनने एकतर्फी युद्धबंदी केली. आणीबाणी उठली १० जानेवारी १९६८ रोजी. मधल्या पाच वर्षांत दोन पंतप्रधान निवर्तले, पाकिस्तानशी एक युद्ध झाले, आणि १९६७ ची सार्वत्रिक निवडणूकसुद्धा आणीबाणी जारी असतानाच पार पडली. नागरिकांनी आपले प्रतिनिधी निवडले, त्या दिवशीही मूलभूत हक्कांसाठी न्यायालयात जाण्याची त्यांची वाट अडविलेलीच होती.

जानेवारी १९६३ मध्ये संरक्षण नियमांखाली सुवर्ण नियंत्रण आले. चौदा कॅरेटहून अधिक शुद्ध सोन्याचे नवे दागिने घडविण्यास बंदी झाली. दोन महिन्यांपूर्वी ज्या घरांनी सोने दान केले, त्याच घरांना लग्नकार्यासाठी बावीस कॅरेटचा दागिना घडविता येईना, आणि पिढ्यान्पिढ्या शेगडी-फुंकणी घेऊन बसलेल्या सोनारांवर उपासमारीची पाळी आली. पुढे ही अट सैल झाली, तरी युद्धकालीन नियमांतून निघालेला सुवर्ण नियंत्रण कायदा १९९० पर्यंत पुस्तकात राहिला.

याहून कठीण प्रसंग आसाम, दार्जिलिंग आणि शिलाँगकडील चिनी वंशाच्या कुटुंबांवर आला. त्यांच्यापैकी कित्येकांचे पूर्वज इंग्रजांच्या काळात चहाच्या मळ्यांसाठी आले होते; मुले येथेच जन्मली होती, असमिया, बंगाली, हिंदी बोलत होती. अशा सुमारे तीन हजार माणसांना, त्यांत म्हातारे आणि तान्ही मुलेही होती, आगगाडीने राजस्थानातील देवळीच्या छावणीत नेऊन ठेवण्यात आले. कोणावर आरोपपत्र नाही, खटला नाही. काहींची सुटका व्हायला १९६७ साल उजाडले. परतल्यावर घरे-दुकाने लिलावात गेलेली दिसली. देवळीची ही छावणी नवी नव्हती. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी जयप्रकाश नारायणांना आणि इतर राजबंद्यांना येथेच डांबले होते. ज्या कोठड्यांविरुद्ध जयप्रकाशांनी उपोषण केले, त्यांच्या किल्ल्या स्वतंत्र भारताच्या शासनाला जशाच्या तशा सापडल्या. ज्यांनी आपल्या बांगड्या दिल्या त्या नागरिकांना हे ठाऊक नव्हते; ठाऊक असते तर किती जणांनी आवाज उठविला असता, हा प्रश्न अडचणीचा आहे.

असा आवाज उठविण्याचे काम त्या काळात काही प्रमाणात न्यायालयांनी केले. त्यातील एक प्रकरण मराठी शाळेत तरी अवश्य सांगितले पाहिजे, कारण ते एका मराठी पुस्तकाचे आहे. प्रभाकर पांडुरंग संझगिरी हे कम्युनिस्ट कार्यकर्ते भारत संरक्षण नियमांखाली मुंबईच्या तुरुंगात स्थानबद्ध होते. तेथे त्यांनी मराठीत एक पुस्तक लिहिले. नाव ‘अणूच्या अंतरंगात’. विषय शुद्ध विज्ञानाचा. राजकारणाचा त्यात लवलेश नव्हता. हस्तलिखित पत्नीकडे पाठवून ते प्रसिद्ध करण्याची परवानगी त्यांनी १९६४ मध्ये मागितली. महाराष्ट्र शासनाने ती नाकारली. अणूची रचना समजावून सांगणारे पुस्तक छापले गेल्याने देशाच्या संरक्षणाला कोणता धोका पोचणार होता, हे आजही समजत नाही. उच्च न्यायालयाने परवानगी देण्याचा आदेश दिला. शासन तेवढ्यावर थांबले नाही. ते दिल्लीला सर्वोच्च न्यायालयात गेले.

शासनाचा युक्तिवाद नीट समजून घेतला पाहिजे, कारण तो सर्व युद्धकाळांतील शासनांचा युक्तिवाद आहे. माणूस एकदा स्थानबद्ध झाला की त्याचे सगळे स्वातंत्र्य गेले. नंतर शासन जेवढे देईल तेवढेच त्याचे. पुस्तक लिहून पाठविण्याची सवलत नियमांत दिलेली नाही, म्हणून ती नाही. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी हे गणित उलटे केले. स्थानबद्धाच्या स्वातंत्र्यावर मर्यादा घालणाऱ्या ज्या अटी नियमांत लिहिल्या आहेत, तेवढ्याच मर्यादा. जे निषिद्ध केलेले नाही, ते त्याच्याजवळ शिल्लक आहे. पुस्तक लिहू नये, बाहेर पाठवू नये असे कोणत्याही नियमात म्हटलेले नाही; तेव्हा शासनाची मनाई कायद्याला धरून नाही, आणि कायद्याबाहेरच्या कृत्याला आणीबाणीचे कवच मिळत नाही. शासनाचे अपील फेटाळले गेले.

निकालाची तारीख ६ सप्टेंबर १९६५. त्याच दिवशी भारतीय सैन्य आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडून लाहोरच्या दिशेने सरकले. एवढ्या मोठ्या युद्धाच्या त्या दिवशी देशाचे सर्वोच्च न्यायालय एका बंदिवानाच्या मराठी हस्तलिखिताचा विचार करीत होते, आणि त्यात कोणाला काही विपरीत वाटले नाही.

दुसऱ्याच दिवशी, ७ सप्टेंबरला, त्याच न्यायालयाने डॉ. राममनोहर लोहिया यांची स्थानबद्धता रद्द केली. नियमात शब्द होते ‘सार्वजनिक सुव्यवस्था’. बिहारच्या अधिकाऱ्याने हुकुमात लिहिले ‘कायदा व सुव्यवस्था’. वरवर पाहता शब्दांचा कीस. पण न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी, जे आमच्या-तुमच्या नागपूरच्या न्यायालयातूनच पुढे गेले होते, एक आकृती समजावून दिली ती भूमितीच्या तासाला काढून दाखविण्याजोगी आहे. एकात एक अशी तीन वर्तुळे. सर्वांत मोठे कायदा व सुव्यवस्थेचे, त्याच्या आत सार्वजनिक सुव्यवस्थेचे, आणि सर्वांत लहान राज्याच्या सुरक्षिततेचे. मोठ्या वर्तुळातली प्रत्येक गडबड लहान वर्तुळापर्यंत पोचतेच असे नाही. लहान वर्तुळासाठी दिलेला अधिकार मोठ्या वर्तुळात वापरता येत नाही. रस्त्यावरच्या भांडणाला राष्ट्रावरील संकट म्हणण्याची ज्यांना घाई असते, त्यांच्यासाठी ही आकृती आजही उपयोगी आहे.

त्या सप्टेंबरमध्ये नागरिक आणि शासन यांच्यात आणखी एक नाते दिसले. लालबहादूर शास्त्री यांनी आठवड्यातून एक वेळचे जेवण सोडण्याचे आवाहन केले आणि असंख्य घरांत सोमवारी संध्याकाळी चूल पेटेनाशी झाली. त्यासाठी कोणता नियम नव्हता, दंड नव्हता. १९४३ च्या रेशनिंगशेजारी ही गोष्ट ठेवून पाहावी.

१९७१ च्या युद्धकाळातही असे प्रामाणिक हिशेब झाले. बांगलादेशच्या निर्वासितांसाठी प्रत्येक टपालावर पाच पैशांचे जादा तिकीट लावावे लागे. ते १९७३ मध्ये बंद झाले. युद्धाच्या नावाने आलेली एखादी गोष्ट काम संपताच निघून गेल्याचे हे दुर्मीळ उदाहरण म्हणावे लागेल. आणीबाणी मात्र तशी गेली नाही. ३ डिसेंबर १९७१ रोजी जाहीर झालेली बाह्य आणीबाणी युद्ध चौदा दिवसांत जिंकल्यावरही उठली नाही. ती चालू असतानाच २५ जून १९७५ रोजी अंतर्गत आणीबाणीची दुसरी घोषणा झाली. जमीन आधीच नांगरलेली होती, असेच म्हटले पाहिजे. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने ठरविले की, या काळात बेकायदा अटकेविरुद्धही न्यायालयात दाद मागता येणार नाही. १९६५ च्या सप्टेंबरातील न्यायालय ते हेच, असा विश्वास बसू नये. चौघांत न्यायमूर्ती यशवंत विष्णू चंद्रचूड होते; एकटे उभे राहिले ते न्यायमूर्ती हंसराज खन्ना. सरन्यायाधीशपद त्यांना त्यामुळे मुकावे लागले. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय चुकीचा ठरविला. त्या निकालपत्राचे एक लेखक यशवंतरावांचे चिरंजीव न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड होते.

१९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने या अनुभवांचे रूपांतर नियमांत केले. ‘अंतर्गत अशांतता’ हे सैल कारण जाऊन ‘सशस्त्र बंड’ आले. मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय असल्याखेरीज राष्ट्रपतींनी आणीबाणी घोषित करू नये, महिन्याच्या आत संसदेची विशेष बहुमताने संमती घ्यावी, आणि जीविताचा व व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क आणीबाणीतही न्यायालयाबाहेर ठेवता येऊ नये, असे ठरले.

या बदलाची कसोटी १९९९ च्या उन्हाळ्यात लागली. एप्रिलमध्ये केंद्र सरकार एका मताने पडले होते आणि काळजीवाहू म्हणून काम पाहत होते. मे महिन्यात कारगिलच्या शिखरांवर घुसखोर आढळले. युद्ध जुलैच्या अखेरीपर्यंत चालले. शेकडो जवान धारातीर्थी पडले. पाकिस्तानी दूरचित्रवाहिनी केबलवरून बंद करण्यात आली, एवढा निर्बंध दिसला; पण आणीबाणी जाहीर झाली नाही, मूलभूत हक्क स्थगित झाले नाहीत, भारत संरक्षण कायदा निघाला नाही. वार्ताहर तोफांच्या आवाजात उभे राहून देशाला बातम्या सांगत होते आणि घुसखोरी वेळेवर कशी कळली नाही, हा प्रश्न लढाई चालू असतानाच विचारला जात होता. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये निवडणूक वेळेवर झाली.

युद्ध संपल्यावर तीन दिवसांत के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखाली समीक्षा समिती नेमली गेली. तिचा अहवाल फेब्रुवारी २००० मध्ये संसदेपुढे आला आणि सुरक्षेच्या दृष्टीने काही भाग गाळून पुस्तकरूपाने छापला गेला; कोणत्याही नागरिकाला तो विकत घेऊन वाचता येतो. १९६२ च्या पराभवाची चौकशी लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रूक्स आणि ब्रिगेडियर भगत यांनी केली होती. त्यांचा अहवाल १९६३ मध्ये शासनाला सादर झाला. तो शासनाने अद्याप प्रसिद्ध केलेला नाही.